मॅक्स रोच कसा ऐकावा: एका जॅझ ड्रमरची कारकीर्द ध्वनिमुद्रणांतून समजून घेण्याची पद्धत

गायकाची किंवा सॅक्सोफोनवादकाची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर त्याच्या नावावरच्या तबकड्या क्रमाने ऐकल्या की बरेचसे काम होते. ड्रमरच्या बाबतीत हा रस्ता अर्ध्यावरच थांबतो, कारण ड्रमरचे उत्तम काम बहुतेक वेळा दुसऱ्याच्या नावाच्या तबकडीवर असते आणि संगीताच्या ॲपवर त्याचे नाव शोधले तर ते सापडतही नाही. मॅक्स रोच हा याचा ठळक नमुना आहे. डिसेंबर १९४३ मध्ये सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सबरोबर केलेल्या पहिल्या मुद्रणापासून ते एकविसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा दशके, तो ध्वनिमुद्रण करत होता. पण त्यातला सर्वांत गाजलेला भाग सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि सनी रोलिन्स, पियानोवादक बड पॉवेल आणि ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या नावांखाली विखुरलेला आहे.

रोचने ड्रमला बोलते केले, असे त्याच्याविषयी नेहमी लिहिले जाते. ते खरे असले, तरी नवख्या श्रोत्याला त्याचा उपयोग नसतो, कारण तो ड्रम ऐकतो तेव्हा त्याला बोलणे ऐकू येत नाही, नुसता कडकडाट ऐकू येतो. याचे कारण बहुधा एकच असते: खाली चाललेली धून त्याच्या मनात नसते. रोच ज्या जागी ठोका देतो किंवा देत नाही, ती जागा धुनेच्या रचनेतून ठरलेली असते. त्यामुळे पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी फिरून एकाच गोष्टीकडे येते, ती म्हणजे आधी धून पक्की करणे आणि मग ड्रमकडे वळणे.

ऐकण्याची तयारी

मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर बास ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, जवळजवळ नाहीसा होतो आणि डबल बास हे खर्जातले तंतुवाद्यही पुसट होते. रोच समजण्यासाठी ही दोन्ही वाद्ये ऐकू येणे आवश्यक आहे, म्हणून साधे का होईना, पण कान झाकणारे हेडफोन वापरावेत. १९५० च्या आधीच्या मुद्रणांत हेडफोन लावूनही बास ड्रम फारसा हाती लागत नाही. तो तत्कालीन मुद्रणतंत्राचा दोष आहे, वादकाचा नव्हे, हे लक्षात ठेवले म्हणजे उगाच निराशा होत नाही.

ड्रमसंच हे एक वाद्य नसून दोन हात आणि दोन पाय यांच्यात वाटलेली चार-पाच वाद्ये आहेत. उजव्या हाताखाली राइड सिंबल ही मोठी झांज असते, आणि त्यावर जॅझची ती सतत वाहणारी, थोडी झुकलेली लय चालू असते. डाव्या पायाखालच्या हाय-हॅटच्या दोन झांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटतात. डावा हात स्नेअर या छोट्या, खरखरीत आवाजाच्या ड्रमवर आणि उजवा पाय बास ड्रमवर असतो. १९३० च्या दशकातील नृत्यसंगीतात बास ड्रम चारही मात्रांना पडत असे. ड्रमर केनी क्लार्कने ही जबाबदारी बास ड्रमवरून उचलून राइड सिंबलवर ठेवली, आणि मोकळा झालेला पाय मध्येच अवचित ठोके देण्यासाठी वापरला. रोच हा क्लार्कहून दहा वर्षांनी लहान. क्लार्कने उघडलेल्या या वाटेवरून तो कितीतरी पुढे गेला.

सरावासाठी ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन आणि मॅक्स रोच यांच्या पंचकाने फेब्रुवारी १९५५ मध्ये मुद्रित केलेले ‘सॅन्डू’ घ्यावे. त्याची गती मध्यम आहे आणि रचना बारा बारांच्या ब्लूजची आहे (बार म्हणजे येथे चार मात्रांचा एक गट). पहिल्या वेळी फक्त पायाने चार मात्रा धराव्यात. दुसऱ्या वेळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅटची ‘चिक’ शोधावी. तिसऱ्या वेळी केवळ राइड सिंबलच्या मागे जावे. डावा हात काय करतो, याकडे अजून लक्ष देऊ नये. ती घाई केली की बाकीचे सगळे निसटते.

रचना मोजणे

या मार्गदर्शनातील सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत आवश्यक पायरी हीच आहे. त्या काळातील बहुतेक जॅझमध्ये धून एकदा वाजते आणि नंतर प्रत्येक वादक त्याच धुनेच्या स्वरसंगतींवर, तेवढ्याच लांबीच्या आवर्तनांत, स्वतःचे वादन करतो. ब्लूजचे आवर्तन बारा बारांचे, म्हणजे चार मात्रांच्या हिशेबाने अठ्ठेचाळीस मात्रांचे असते. गाण्यांवर बेतलेल्या रचना बहुधा बत्तीस बारांच्या असतात: आठ बारांची एक ओळ दोनदा, मग आठ बारांची निराळी ओळ, आणि शेवटी पुन्हा पहिली ओळ. ठेक्याच्या आवर्तनात समेवर येण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या श्रोत्याला हा हिशेब अवघड वाटू नये, मात्र येथे समेसारखे ठसठशीत ठिकाण दाखवले जाईलच, अशी अपेक्षा ठेवू नये. रोच तर अनेकदा आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर मुद्दाम गप्प बसतो आणि तिच्या किंचित आधी किंवा नंतर ठोका देतो.

मोजणी बरोबर आहे की नाही, हे तपासण्याची सोपी युक्ती आहे. ड्रमचे एकल वादन चालू असताना मनातल्या मनात धून गुणगुणत राहावी. वादन संपून इतर वाद्ये आत येतील, त्या क्षणी आपणही धुनेच्या आरंभाशी असलो, तर हिशेब जमला. पहिल्या काही प्रयत्नांत तो जमत नाही, आणि त्यात वावगे काही नाही.

‘को-को’: १९४५ चा पहिला धडा

आता थोडे चरित्र. रोचचा जन्म १० जानेवारी १९२४ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील न्यूलँड येथे झाला. तो चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनला आले, आणि दहाव्या वर्षापर्यंत तो चर्चमधील भक्तिसंगीताला ड्रमची साथ करू लागला होता. १९४२ मध्ये त्याचे शालेय शिक्षण पूर्ण झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. डेका कंपनीने १९४३ मध्ये संघटनेशी समझोता केला, पण व्हिक्टर आणि कोलंबिया या मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. हार्लेममधील मिंटन्स आणि मन्रोज या क्लबांत बीबॉप ही जॅझची नवी, वेगवान शैली आकार घेत होती, ते नेमके याच काळात. म्हणून त्या संगीताचे बालपण तबकड्यांवर फारसे सापडत नाही. रोच १९४५ मध्ये आपल्यासमोर येतो तो एकदम तयार होऊनच, आणि हे त्याच्या प्रतिभेइतकेच त्या बहिष्काराचेही फळ आहे.

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी न्यूयॉर्कमध्ये सॅव्हॉय कंपनीसाठी चार्ली पार्करने ‘को-को’ मुद्रित केले. हे तीन मिनिटांहूनही लहान मुद्रण आहे, कारण मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढेच मावत असे. त्याच्या स्वरसंगती ‘चेरोकी’ या लोकप्रिय गाण्याच्या आहेत आणि आवर्तन चौसष्ट बारांचे आहे. गती मिनिटाला तीनशे मात्रांच्या आसपास आहे, त्यामुळे प्रत्येक मात्रेला पाय आपटण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो; बारला एकदा याप्रमाणे बोट टेकवावे.

सुरुवातीला सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट यांची बत्तीस बारांची प्रस्तावना आहे आणि तिच्यात पियानो नाही. त्या वेळी रोच काय करतो, तेवढेच पहिल्या ऐकण्यात पाहावे: तो जवळजवळ काहीच करत नाही. स्नेअरवर तारांच्या ब्रशची हलकी सळसळ आहे, इतकेच. पार्करचे एकल वादन सुरू होताच राइड सिंबलचा दिवा लागल्यासारखा होतो. पार्करची दोन आवर्तने संपली की रोच एकटा वाजवतो, अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळ, आणि मग प्रस्तावनाच फिरून समाप्ती म्हणून येते. त्या एकल वादनातला मजकूर साधा आहे. स्नेअरवरचे सलग ठोके आणि त्यांच्यात रुतलेले बास ड्रमचे घाव, एवढाच. महत्त्वाचे हे की गती तसूभरही ढळत नाही आणि वाक्ये आठ-आठ बारांच्या कुंपणात बसवलेली नाहीत.

पुनर्प्रकाशित आवृत्त्यांमध्ये याचा एक अर्धवट सोडलेला प्रयत्नही मिळतो. त्यात प्रस्तावनेनंतर वादक ‘चेरोकी’ची मूळ चाल वाजवू लागतात आणि लगेच थांबवले जातात. हा तुकडा जरूर ऐकावा, कारण अंतिम मुद्रणात जी धून लपवलेली आहे, ती त्यात काही क्षण उघडी दिसते. ती कानात धरून पुन्हा पूर्ण ‘को-को’ ऐकले, तर रोचचे घाव त्या अदृश्य चालीच्या श्वासांमध्ये पडतात, हे ध्यानात येते.

दोन ड्रमर एकाच तबकडीवर, आणि एकच रचना तीनदा

तुलनेइतका चांगला शिक्षक नाही, आणि १९४९ ते १९५१ या काळातील दोन मुद्रणे तुलनेसाठीच केल्यासारखी आहेत. माइल्स डेव्हिसच्या नऊ वादकांच्या ताफ्याने १९४९-५० मध्ये तीन बैठकांत जे मुद्रण केले, ते पुढे १९५७ मध्ये ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावाने एकत्र निघाले. जानेवारी १९४९ आणि मार्च १९५० च्या बैठकींत ड्रमवर रोच आहे. एप्रिल १९४९ च्या बैठकीत केनी क्लार्क आहे. जानेवारीतील ‘मूव्ह’ आणि एप्रिलमधील ‘बॉप्लिसिटी’ एकापाठोपाठ ऐकावीत. गतीतला फरक सोडून दिला तरी क्लार्क ताफ्याच्या खाली गालिचा अंथरतो आणि रोच ताफ्यातलाच एक स्वर होऊन वाक्यांच्या मधल्या फटींत शिरतो, हा फरक राहतोच. मला यात एक सरस आणि दुसरा निरस असे म्हणायचे नाही. ‘बॉप्लिसिटी’ला रोचने कदाचित विनाकारण गजबज केली असती.

दुसरे मुद्रण बड पॉवेलचे ‘अन पोको लोको’, १ मे १९५१ रोजी ब्लू नोट कंपनीसाठी केलेले. पियानो, बास आणि ड्रम एवढेच तिघे, आणि या रचनेचे तीन प्रयत्न उपलब्ध आहेत. तिन्हींतही रोच गाईच्या गळ्यातल्या घंटेसारख्या दिसणाऱ्या, ज्याला काऊबेल म्हणतात त्या वाद्यावर ठेका धरतो. पहिल्या प्रयत्नापासून तिसऱ्यापर्यंत क्रमाने जावे आणि फक्त त्या घंटेच्या मागे राहावे. तिसऱ्या प्रयत्नात तो ठेका पियानोच्या मात्रांवर असा तिरका बसतो की ऐकणाऱ्याला बारची पहिली मात्रा कुठे आहे, याचा क्षणभर संभ्रम पडतो. तो पडू द्यावा आणि बासवादक कर्ली रसेलच्या आधाराने पुन्हा जागेवर यावे. एखादी कल्पना एका दुपारीत, स्टुडिओतच, कशी घडत जाते, हे इतके स्पष्ट दाखवणारी मुद्रणे थोडी आहेत.

१९५२ मध्ये रोच आणि बासवादक चार्ल्स मिंगस यांनी डेब्यू नावाची स्वतःची ध्वनिमुद्रण कंपनी काढली. कृष्णवर्णीय वादकांनी आपल्या संगीताची मालकी आपल्याकडे ठेवण्याचा तो प्रारंभीचा प्रयत्न होता. १५ मे १९५३ रोजी टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये पार्कर, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी, पॉवेल, मिंगस आणि रोच यांची जी मैफल झाली, ती याच कंपनीने प्रसिद्ध केली. त्याच संध्याकाळी मार्सियानो आणि वॉलकॉट यांची हेवीवेट मुष्टियुद्धाची लढत होती, आणि सभागृह पुरते भरलेले नव्हते. या मैफलीबाबत एक व्यावहारिक सूचना: मूळ मुद्रणात बास फार क्षीण असल्याने मिंगसने नंतर स्टुडिओत बसून बासचे वादन वरून भरले. त्यामुळे बास आणि ड्रम यांचा मेळ अभ्यासण्यासाठी ही भर घातलेली आवृत्ती वापरू नये. भर नसलेले मुद्रणही पुढे निघाले आहे, ते शोधावे.

ब्राउन–रोच पंचक

१९५३ च्या अखेरीस रोच कॅलिफोर्नियातील हर्मोसा बीच येथे लाइटहाऊस क्लबमध्ये ड्रमर शेली मॅनच्या जागी वाजवायला गेला होता. तिथेच त्याला स्वतःचा ताफा काढण्याचे निमंत्रण मिळाले आणि त्याने तेवीस वर्षांच्या क्लिफर्ड ब्राउनला बोलावून घेतले. सॅक्सोफोनवर हॅरल्ड लँड, पियानोवर बड पॉवेलचा धाकटा भाऊ रिची, बासवर जॉर्ज मॉरो. हे पंचक उणीपुरी दोन वर्षे टिकले, आणि रोचची सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले, तर उत्तर निःशंकपणे हेच आहे. लाँग-प्ले तबकडीमुळे आता तीन मिनिटांची अट राहिली नव्हती, आणि एमआर्सी कंपनीच्या या मुद्रणांत ड्रमचा आवाजही स्वच्छ आहे.

पहिला अभ्यास ‘जॉय स्प्रिंग’वर करावा. धून बत्तीस बारांची आहे आणि गुणगुणता येण्याजोगी आहे. ती पाठ होईपर्यंत ऐकावी. मग उत्तरार्धात येणाऱ्या चार-चार बारांच्या देवाणघेवाणीकडे जावे, जिथे एक वादक चार बार वाजवतो आणि पुढचे चार ड्रमचे असतात. रोच समोरच्याचे शेवटचे वाक्य अनेकदा उचलतो, कधी त्याची लय तशीच ठेवून ती स्नेअरवरून टॉमवर, म्हणजे संचातल्या खोल आवाजाच्या ड्रमवर, उतरवतो. त्याचे ड्रम चढ्या, ताणलेल्या सुरात लावलेले असत, आणि त्यांच्यातली उंच-खोल अंतरे इतकी स्पष्ट आहेत की चाल सुचवण्याइतके स्वर त्याला तिथे मिळतात.

दुसरा अभ्यास म्हणजे ‘स्टडी इन ब्राउन’ या तबकडीवरचे ‘चेरोकी’. ‘को-को’च्याच स्वरसंगती, तोच ड्रमर, मध्ये जवळपास दहा वर्षे. टॉमवरच्या ठोक्यांच्या प्रस्तावनेनंतर ब्राउन उसळून निघतो. १९४५ मध्ये रोच पार्करच्या मागे धावत होता आणि मध्येच ठिणग्या उडवत होता. १९५५ मध्ये तो ब्राउनच्या वाक्यांना विरामचिन्हे देतो, कोठे स्वल्पविराम तर कोठे पूर्णविराम, आणि एक आवर्तन संपून दुसरे सुरू होताना आधीच खूण करून ठेवतो. ही तुलना सावकाशीने केली, तर या ड्रमरच्या वाढीविषयी कोणत्याही चरित्रापेक्षा अधिक कळते.

१९५५ च्या अखेरीस लँडच्या जागी सनी रोलिन्स आला. (हाच रोलिन्स पुढे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात योग आणि अध्यात्माच्या ओढीने मुंबईत पवईच्या आश्रमात काही महिने राहिला होता.) रोलिन्सच्या नावावरची ‘सॅक्सोफोन कोलोसस’ ही तबकडी २२ जून १९५६ रोजी मुद्रित झाली. तिच्यातील ‘सेंट थॉमस’ ही कॅरिबियन चालीची सोळा बारांची धून आहे. रोच ती एकटाच सुरू करतो, पुढे आपल्या एकल वादनात तोच नाचरा ठेका उलगडत नेतो, आणि रोलिन्स परत येताच सिंबलवर जॅझची नेहमीची झुकलेली, म्हणजे स्विंगची, लय धरून सगळ्या रचनेचा रंग पालटतो. ‘ब्लू सेव्हन’मध्ये त्याचे एकल वादन दोनच लहान कल्पनांवर उभे आहे: तीन-तीन ठोक्यांचा एक गुच्छ आणि वेगळे ठोके न कळणारी एक सलग घरंगळ (रोल). या दोन्ही ओळखून वहीत खुणा करत गेल्यास ते वादन सुरुवातीपासून शेवटापर्यंत बांधलेले दिसते.

या मुद्रणानंतर चारच दिवसांनी, २६ जून १९५६ च्या रात्री, पेनसिल्व्हेनियाच्या टर्नपाइकवर पावसात झालेल्या मोटार अपघातात क्लिफर्ड ब्राउन, रिची पॉवेल आणि रिचीची पत्नी नॅन्सी यांचा मृत्यू झाला. ब्राउन पंचवीस वर्षांचा होता. रोच त्या मोटारीत नव्हता. पुढची काही वर्षे त्याने नैराश्य आणि मद्य यांच्याशी झगडण्यात काढली, आणि तरीही तो मुद्रण करत राहिला. १९५७ मधील ‘जॅझ इन थ्री-फोर टाइम’ ही संपूर्ण तबकडी तीन मात्रांच्या लयीला वाहिलेली आहे, जेव्हा जॅझ जवळजवळ सर्वस्वी चार मात्रांत चालत होते. १९५८ च्या ‘डीड्स नॉट वर्ड्स’मध्ये त्याने पियानोच काढून टाकला आणि ट्यूबा हे खर्जाचे पितळी वाद्य घेतले. या मोकळ्या झालेल्या जागेत ड्रम किती स्वच्छ ऐकू येतात, हे पाहण्यासाठी तिच्यातले ‘कॉन्व्हर्सेशन’ हे एकट्या ड्रमचे वादन ऐकावे.

‘वुई इन्सिस्ट’: ऐकण्यापूर्वी वाचावे असे

आतापर्यंतची मुद्रणे संदर्भ न जाणताही ऐकता येतात. हे एक तसे ऐकता येत नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहाच्या काउंटरवर जाऊन बसले आणि उठले नाहीत. मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांवर गोळीबार केला. रोच आणि गीतकार ऑस्कर ब्राउन ज्युनियर हे गुलामगिरीच्या मुक्तिघोषणेच्या शताब्दीसाठी, म्हणजे १९६३ साठी, एक दीर्घ रचना तयार करत होते; या घटनांनी ती आधीच मुद्रित करण्याची निकड निर्माण केली. कँडिड कंपनीसाठी ३१ ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर १९६० रोजी मुद्रण झाले. मुखपृष्ठावर उपाहारगृहाच्या काउंटरवर बसून कॅमेऱ्याकडे वळून पाहणाऱ्या तीन कृष्णवर्णीय पुरुषांचे छायाचित्र आहे. निर्मात्याची जबाबदारी नॅट हेंटॉफकडे होती.

पाच भाग आहेत आणि ते क्रमानेच ऐकावेत. ‘ड्रायव्हा मॅन’मध्ये गायिका ॲबी लिंकन प्रथम एकटी, केवळ टँबोरीनच्या साथीने गाते. नंतर वाद्ये येतात तेव्हा लय पाच मात्रांची असल्याचे कळते, आणि प्रत्येक पाचातली पहिली मात्रा चाबकासारखी फटकारली जाते. पाच मोजून पाहावेत. त्या फटक्याची वाट पाहणे हाच त्या गीताचा अर्थ आहे. कोलमन हॉकिन्स, ज्याच्याबरोबर रोचने सतरा वर्षांपूर्वी पहिले मुद्रण केले होते, तो यात सॅक्सोफोनवर आहे. त्याच्या वादनात एके ठिकाणी स्वर चिरकतो, आणि तो कापून टाकू नये असा आग्रह त्याने स्वतःच धरला.

मधला भाग, ‘ट्रिप्टिक’, केवळ लिंकनचा आवाज आणि रोचचे ड्रम यांचा आहे. शब्द नाहीत. प्रार्थना, निषेध, शांती अशा तीन खंडांतला मधला खंड म्हणजे मिनिटाहून अधिक काळ चाललेल्या किंकाळ्या. बरेच श्रोते हा भाग पुढे ढकलतात. ढकलू नये, पण रात्री झोपण्यापूर्वी लावण्याजोगा तो नाही, हेही सांगणे भाग आहे. आवाजाकडे लक्ष जाणारच, म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना जाणीवपूर्वक ड्रमकडे जावे. रोच किंकाळीवर मात करत नाही आणि तिच्याखाली लपतही नाही. तो तिला धरून ठेवतो. ‘ऑल आफ्रिका’मध्ये नायजेरियन ड्रमवादक ओलातुंजी आणि इतर तालवादक सामील होतात आणि एका ड्रमरचे वाद्य अनेकांत विभागले जाते. शेवटचा भाग ‘टिअर्स फॉर जोहान्सबर्ग’.

मे १९६१ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये माइल्स डेव्हिसची मैफल चालू असताना रोच निषेधाचा फलक हातात घेऊन रंगमंचावर जाऊन बसला आणि त्याला तिथून हलवण्यात आले. १९६२ मध्ये त्याने लिंकनशी लग्न केले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला पियानोवादक ड्यूक एलिंग्टन आणि मिंगस यांच्याबरोबर ‘मनी जंगल’चे मुद्रण झाले. त्यातली ‘फ्लुरेट आफ्रिकेन’ ही कमी ठोक्यांत किती सांगता येते, याची पाहणी करण्यासाठी उत्तम आहे.

एकटा ड्रम

‘ड्रम्स अनलिमिटेड’ ही १९६६ ची अटलांटिक कंपनीची तबकडी आजही ड्रमचे विद्यार्थी पाठ करतात. तिच्यात तीन रचना संपूर्णपणे एकट्या ड्रमच्या आहेत. ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ यात दोन्ही पाय बास ड्रम आणि हाय-हॅटवर तीन मात्रांचा न थांबणारा पाया घालतात आणि हात त्यावर बोलतात. पहिल्यांदा फक्त पाय ऐकावेत, ओठांनी त्यांची नक्कल करावी आणि ती चालू ठेवून हातांकडे वळावे. ‘फॉर बिग सिड’ ही त्याच्या आवडत्या ड्रमरला, सिड कॅटलेटला, वाहिलेली आहे आणि ‘मॉप मॉप’ या जुन्या रिफवर, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वरवाक्यावर, बांधलेली आहे. आधी ती रिफ कोठून तरी ऐकून घ्यावी, म्हणजे ड्रमवर ती जशीच्या तशी ऐकू येते. हे साधले की श्रोत्याने अवघड घाट ओलांडला असे समजावे.

उत्तरार्ध, थोडक्यात

१९७० मध्ये त्याने एम-बूम हा केवळ तालवाद्यांचा समूह स्थापन केला, आणि याच दशकात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत तो अध्यापन करू लागला. १९८८ मध्ये त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. या काळातील मुद्रणांत जोडवादने सर्वांत मोलाची आहेत: सॅक्सोफोनवादक अँथनी ब्रॅक्स्टनबरोबरचे ‘बर्थ अँड रिबर्थ’ आणि पियानोवादक सेसिल टेलरबरोबर डिसेंबर १९७९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात झालेली मैफल, जी ‘हिस्टॉरिक कॉन्सर्ट्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. टेलरबरोबर मोजणीचा काही उपयोग होत नाही, कारण तिथे ठरलेले आवर्तनच नाही. म्हणून ही मैफल अखेरीस ठेवावी. काही समीक्षक याच रोचला सर्वश्रेष्ठ मानतात. मला ब्राउनच्या मागचा रोच अधिक जवळचा वाटतो, पण हा मतभेद राहू द्यावा. रोचचे निधन १६ ऑगस्ट २००७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाले.

वही कशी ठेवावी

प्रत्येक मुद्रणासाठी पाच नोंदी पुरेत: मुद्रणाची तारीख, तबकडी कोणाच्या नावाची आहे, बासवादक कोण, रचनेचे आवर्तन किती बारांचे, आणि आपल्या कानाला जाणवलेली एकच गोष्ट. तारीख प्रकाशनाची न घेता मुद्रणाची घ्यावी. संगीताची ॲप्स बहुधा प्रकाशनाचे किंवा चक्क पुनर्प्रकाशनाचे वर्ष दाखवतात, आणि त्यावर विसंबले तर ‘बर्थ ऑफ द कूल’ हे ब्राउनच्या मृत्यूनंतरचे वाटेल. बासवादकाची नोंद अशासाठी की रोच कोणाच्या शेजारी बसला आहे, यावर त्याचे वादन पुष्कळ बदलते. मॉरो आणि मिंगस यांच्या शेजारचा रोच एकाच माणसाचा वाटणार नाही इतका वेगळा आहे.

येथून मागे, रोचच्या आधीच्या पिढीकडे जायचे असेल, तर ड्रमर जो जोन्सकडे जावे. रोच आपल्या मैफलींमध्ये एकट्या हाय-हॅटवर ‘मिस्टर हाय-हॅट’ ही जो जोन्सला वाहिलेली रचना वाजवत असे. तिची एखादी चित्रफीत आधी पाहावी, आणि मग १९३७ चे काउंट बेसीच्या ताफ्याचे ‘वन ओक्लॉक जंप’ लावून जोन्सच्या हाय-हॅटमधले कोणते ठोके रोचने उचलले, ते शोधावेत.